लिवा माझं नाव

बाबूलालभाईंच्या खोलीला चुना लावायची वेळ कधी आली नाही, कारण भिंत दिसतच नव्हती. दारातून आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला, उजव्या हाताला आणि समोर, पुरुषभर उंचीपर्यंत गुलाबी कागद खळीनं चिकटवलेले. प्रत्येक कागदावर कारखान्याचा शिक्का, साहेबाची सही आणि शेवटी एकच वाक्य: 'यापुढे असे घडल्यास गय केली जाणार नाही.' लोक घरात तसबिरी लावतात. बाबूलालभाईंनी ताकीदपत्रं लावली होती. पाहुणा आला की ते हात मागे बांधून त्याला भिंतीभिंतीनं फिरवायचे.

"ही फळ्याची. ही अंगठ्याची. आन् ही गिरीस सांडल्याची. त्या दिशी मी गावातच नव्हतो."

वाचता त्यांना येत नव्हतं, पण कुठला कागद कशाचा हे डाग आणि दुमडी पाहून ओळखायचे. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून हसायचे. "गय करनार न्हाई म्हंत्यात. दरसाल म्हंत्यात, आन् दरसाल करत्यात."

त्यांतले निम्म्याहून जास्त कागद माझ्या हातचे. म्हणून हे लिहायचा मला अधिकार आहे, आणि म्हणूनच लिहायला इतकी वर्षं लागली. एक कागद असा आहे, जो त्या भिंतीवर कधी लागला नाही. त्याबद्दल मला सांगून टाकायचं आहे. वय ऐंशीच्या घरात गेलं, आता 'पुढं बघू' म्हणण्यात अर्थ नाही. पण आधी माणूस कळायला हवा.

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. नगर जिल्ह्यात पाटाचं पाणी पोचलं होतं तिथल्या एका माळावर आमचा साखर कारखाना होता. नाव सांगत नाही. त्या नावानं आता तो उरलेलाही नाही. कारखान्याची स्वतःची शाळा होती, दवाखाना होता, कामगारांच्या चाळी होत्या आणि एक चौकशी खातं होतं. त्या खात्यात मी विशीत धाकटा कारकून म्हणून लागलो. नेमणूक कच्ची. वडील खर्ड्याला भिक्षुकी करत, आणि दोन बहिणी लग्नाच्या होत्या. 'कायम' हा शब्द आमच्या घरी संध्याकाळच्या शुभंकरोतीनंतर रोज एकदा उच्चारला जायचा.

आमच्या मॅनेजरसाहेबांचा एक नियम होता: आधी जबाबदार कोण ते ठरवा, मग दुरुस्ती. नियम ऐकायला चांगला होता. कंदील फुटला, तर तो कुणी फोडला हे आधी ठरवायचं, आणि ते ठरेपर्यंत अंधारात बसायचं. कागदावर कुणाचं तरी नाव चढल्याशिवाय नवा कंदील गोदामातून बाहेर पडत नसे. साहजिकच कुणी नाव देत नसे, आणि काहीही दुरुस्त होत नसे. माझे वरिष्ठ नाना देशपांडे खात्याचे प्रमुख होते. तपकीर ओढून ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे बघ, जबाबदारी म्हणजे तापलेला तवा. खाली टाकायचा नाही, हातात धरायचा नाही. पुढच्याकडे द्यायचा."

या कारखान्यात बाबूलालभाई शिकलगार भोंगेवाले होते. बॉयलरच्या बाजूला एक साखळी लोंबायची, ती ओढली की भोंगा व्हायचा. दिवसाचे तीन भोंगे त्यांचे. पन्नाशीचे, उंच, किडकिडीत, डोक्याला कायम एक विरलेली टोपी. वाफेच्या आवाजानं कान अर्धे गेलेले. त्यामुळे ते स्वतः अगदी हळू बोलायचे आणि समोरच्याला ओरडायला लावायचे. त्यांच्याशी कुणी दोन मिनिटं सुखदुःखाचं बोललं, तरी लांबून भांडण चाललंय असं वाटायचं.

सुरुवात शाळेच्या फळ्यापासून झाली. फळा भिंतीवरून पडला आणि मधोमध चिरला. कागद निघाला. गोदामानं लिहिलं, खिळा आमचा पण ठोकला इमारत खात्यानं. इमारत खात्यानं लिहिलं, ठोकला आम्ही पण भिंत भुसभुशीत होती. भिंत कुणाची, तर मागच्या ठेकेदाराची, आणि तो तर वारलेला. मास्तरांनी लिहिलं, मी फळ्यावर फक्त पाढे लिहितो आणि तेही हलक्या हातानं. दीड महिना कागद फिरला. तोवर मास्तर दारावर खडूनं लिहायचे आणि दार उघडायची वेळ आली की गणित अर्धं बाहेर जायचं.

एके दिवशी बाबूलालभाई आमच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. "लिवा माझं नाव. फळा माझ्यामुळं पडला."

नाना ओरडले, म्हणजे बाबूलालभाईंना ऐकू जावं म्हणून ओरडले, "तुम्ही शाळेत गेला होतात का?"

"न्हाई बा. जल्मात न्हाई गेलो."

"मग?"

"भोंगा वाजिवला. हादऱ्यानं पडला आसंल."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे पाहिलं. दीड महिन्यात त्या कागदावर आलेलं हे पहिलं नाव होतं. नानांनी इतक्या घाईनं ते लिहून घेतलं, की दौत कलंडली. दुसऱ्या दिवशी शाळेत नवा फळा लागला आणि बाबूलालभाईंना पहिलं गुलाबी ताकीदपत्र मिळालं. त्यांनी ते मला वाचून दाखवायला सांगितलं. वाचून झाल्यावर विचारलं, "बास, एवढंच?"

"एवढंच."

"म्हंजी फळ्याला दीड म्हैना एका नावाची वाट बघावी लागली व्हय." मग जरा विचार करून म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्याकडं तर नाव रिकामंच हाय."

तिथून पुढे त्यांचं ते ठरलेलं वाक्य झालं: "लिवा माझं नाव, आन् कामाला लागा." विहिरीचा रहाट मोडला, लिवा माझं नाव. दवाखान्याचा थर्मामीटर फुटला, लिवा माझं नाव. बकरीनं दवाखान्यातल्या पट्ट्या खाल्ल्या, त्याही त्यांच्यामुळंच. बकरी त्यांची नव्हती. पण भोंग्याला बिचकून ती दवाखान्यात शिरली असणार, असा त्यांचा जबाब होता, आणि बकरीला उलट विचारायची सोय नव्हती.

त्यांची सगळ्यात गाजलेली चौकशी अंगठ्याची. सखाराम नावाच्या गाडीवानाच्या पायाच्या अंगठ्यावर उसाच्या मोळीची लोखंडी साखळी पडली, ती नेमकी पाळी बदलताना. आता प्रश्न असा की भोंगा आधी झाला की साखळी आधी पडली. साखळी आधी पडली असेल, तर अंगठा कामावर होता आणि औषधपाणी कारखान्यानं करायचं. भोंगा आधी झाला असेल, तर अंगठा सुटीवर होता आणि त्याचं तो बघेल. सखाराम दवाखान्याच्या पायरीवर अंगठा धरून बसलेला, डॉक्टर हातात औषध घेऊन उभे, आणि आम्ही दोन पावलांवर साक्षी घेतोय. सगळे साक्षीदार म्हणाले, भोंगा आधी.

बाबूलालभाई आले. म्हणाले, "भोंगा मी चार मिंटं लौकर वाजिवला. पाळी सपली नव्हती. अंगठा डूटीवर हुता."

नाना म्हणाले, "कशावरून लवकर वाजवला? माझ्या घड्याळात तर बरोबर होता."

"तुमी घड्याळ कशावर लावता, रावसाहेब?"

नानांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांचं घड्याळ भोंग्यावर लावलेलं होतं. मॅनेजरसाहेबांचं भोंग्यावर. शाळेची घंटा भोंग्यावर. शेजारच्या दोन गावांतली दुपारची भाकरीसुद्धा भोंग्यावर. पंचक्रोशीतली वेळ त्या एका साखळीला लोंबत होती, आणि साखळी ओढणारा म्हणत होता की वेळ चुकली. त्याला खोटं ठरवायला दुसरी वेळ कुणाकडेच नव्हती. डॉक्टरांनी अंगठा बांधला.

ताकीद मिळायला मर्यादा नव्हती असं मात्र नाही. एका हंगामात एका खात्याच्या दोन ताकिदी चालत; तिसरी आली की नोकरी संपली. पुढच्या हंगामाला बॉयलर पेटला की जुन्या माफ. बाबूलालभाई हा हिशेब दाराच्या आतल्या बाजूला कोळशाच्या रेघांनी ठेवायचे. एक चित्र फळ्याचं, एक बाटलीचं, एक चाकाचं, एक पोत्याचं; म्हणजे शाळा, दवाखाना, यंत्रखातं, गोदाम. प्रत्येकाखाली दोनच रेघांची जागा. लोकांनाही ते पाठ झालं होतं. सकाळी चाळीत असा संवाद ऐकू यायचा:

"बाबूलालभाई, गोदामाची एखादी शिल्लक हाय का?"

"एक हाय. काय केलंस?"

"आजून न्हाई केलं. विचारून ठिवतो."

त्यावर मात्र ते चिडायचे. "आधी चुकून ये, मंग बोल. आगाऊ घेनार न्हाई."

चाळीतल्या बायकांनाही हा उपाय सापडला. शेजारच्या गंगूबाईच्या हातून सासूचं लोणच्याचं बरणीभर दैवत फुटलं. ती रडत आली. बाबूलालभाई टोपी सरळ करून सासूपुढे गेले. "आत्याबाई, बरनी माझ्यामुळं फुटली. भोंगा जोरात झाला." सासू म्हणाली, "मेल्या, आज इतवार. भोंगा झालाच न्हाई." बाबूलालभाईंनी टोपी पुन्हा सरळ केली. मग म्हणाले, "तेच तर. सवयीनं ती वाट बघत हुती. झाला न्हाई म्हनून हात सुटला." सासूला पटलं नाही, पण ती हसली, आणि सुनेची सुटका झाली.

या सगळ्यात त्यांना काय मिळायचं हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग मी नानांबरोबर त्यांच्या घरी जबाब घ्यायला जाऊ लागलो, आणि कळायला लागलं. किंवा तेव्हा कळायला हवं होतं असं म्हणतो.

जबाब माणसाच्या घरी जाऊन घ्यायचा, हाही साहेबांचाच नियम. हपीसात माणूस घाबरून खोटं बोलतो, घरी निवांत बोलतो, असं त्यांचं मत. आम्ही जायचो दुपारच्या भोंग्यानंतर. बाबूलालभाईंनी शाळेतून दोन खुर्च्या मागून आणलेल्या असायच्या. सतरंजी झटकून घातलेली. तीन कप: एक त्यांचा, दोन शेजारचे, तिन्ही धुऊन पितळी ताटलीत पालथे ठेवलेले. बशीत शेंगदाणे आणि गूळ. ते धुतलेला सदरा घालून दारात उभे असायचे, लग्नाला वऱ्हाड यावं तसे.

नाना छापील कागद उलगडून ओरडायचे, "नाव?"

"बाबूलाल."

"वडिलांचं नाव?"

"हसन. बसा की आधी. च्या घ्या."

"वय?"

"तुमाला काय वाटतंय?"

प्रत्येक रकान्याला ते वेळ लावायचे. गाव कुठलं यावर तर अर्धा तास, कारण ते कडा हे आपलं गाव सोडून नगरला कसे आले, वडील सुऱ्या-विळ्यांना धार लावत कुठल्या कुठल्या बाजाराला जायचे, हे सगळं यायचं. मग शेवटचा रकाना: 'घरात कोण कोण?' पहिल्यांदा ते म्हणाले, "मी आन् एक कोंबडी." नानांनी कोंबडी लिहिली नाही. पुढच्या वेळी म्हणाले, "मी एकलाच. कोंबडी वारली." त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले, "मी. आन् हे," आणि भिंतीवरच्या गुलाबी कागदांकडे हात केला. नाना तपकिरीच्या शिंका देत हसले. मीही हसलो. निघताना बाबूलालभाई विचारायचे, "आता फुडली चौकशी कवा?"

आता त्या कागदाकडे येतो.

पाटाच्या पाण्याबरोबर आमच्याकडे हिवताप आला होता, आणि हिवतापाला एकच औषध, कोयनेल. लढाईमुळे ते मिळायची मारामार. एके दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या टेबलावर आली: 'कोयनेल आठ दिवस पुरेल. मागणी ताबडतोब नगरला पाठवावी.' नाना भाच्याच्या मुंजीला महिनाभर रजेवर. मला काम येतं हे दाखवायची संधी होती. मी लाल शाई घेतली आणि चिठ्ठीच्या कडेला सुंदर अक्षरात लिहिलं: 'साठा संपण्यास जबाबदार कोण? संबंधितांनी खुलासा करावा.' आणि कागद फिरायला पाठवला.

डॉक्टरांनी खुलासा केला: 'रोगी.' मी चाळीच्या मुकादमाला विचारलं: 'रोगी आजारी पडण्याचे कारण काय?' त्यानं लिहिलं: 'डास.' मी इमारत खात्याला विचारलं: 'डास कोणत्या खात्याचे?' त्यांनी लिहिलं: 'गटार आमचे, डास आमचे नाहीत.' शाळेनं, न विचारताच, लिहून पाठवलं की मुलांना डास चावतात, मुलं डासांना चावत नाहीत. मी प्रत्येक शेऱ्याखाली तारीख घालत होतो, क्रमांक देत होतो, आणि मनात नानांची शाबासकी ऐकत होतो. इतका नीट चाललेला कागद त्या खात्यानं पाहिला नव्हता.

मागणी मात्र कुणीच पाठवली नाही, कारण नाव ठरलं नव्हतं.

कोयनेल संपलं. चाळीत दारोदारी गोधड्या दिसायला लागल्या. दात वाजल्याचा आवाज असा यायचा की गिरणी चालू आहे असं वाटावं, आणि खरी गिरणी थांबत चाललेली, कारण मोळ्या उचलायला माणसं उभी राहत नव्हती. गंगूबाई आणि सासू एकाच घोंगडीत एकमेकींना धरून कापत होत्या. सखाराम अंगठा बरा होऊन कामावर आला होता, तोही आडवा झाला. शेवटी मॅनेजरसाहेबांना ताप भरला. त्यांनी पलंगावरून कोयनेल मागितलं. कंपाउंडरनं चिराइताचा कडू काढा नेला. साहेबांनी तो तोंडात घेतला आणि तिथेच चौकशीचा हुकूम दिला.

नगरला माणूस धावला आणि दुसऱ्या दिवशी औषध घेऊन परत आला. इतकं सोपं होतं ते. कुणी दगावलं नाही, ही देवाची दया. त्यात माझी काही कामगिरी नव्हती.

नाना रजेवरून आले. कागद सगळा वाचला. लाल अक्षरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी साहेबांना नाव द्यायचं आहे. तुझं द्यायला मला वाईट वाटेल. पण माझं द्यायला त्याहून वाईट वाटेल." आणि तपकिरीची डबी बंद केली.

कच्च्या नेमणुकीला दोन ताकिदींची चैन नसते. एकदा नाव गेलं की परत खर्ड्याला.

मी बॉयलरपाशी गेलो. बाबूलालभाई साखळीशेजारी पालथ्या घमेल्यावर बसले होते. ते स्वतः नुकतेच तापातून उठले होते, टोपीखाली तोंड एवढंसं झालेलं. मी सगळं सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं. आसपास कुणी नव्हतं, वाफेचा आवाज होता, तरी ती लाज अजून घशात आहे.

"दवाखान्याच्या तुमच्या किती झाल्या?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"दोन. थर्मामीटर आन् बकरी. तिसरी म्हंजी घरी."

"म्हणजे जमायचं नाही," मी म्हणालो. आणि ते अशा आवाजात म्हणालो की त्यांनी जमेल असं म्हणावं.

त्यांनी थोडा वेळ साखळी हातात धरून ठेवली, ओढली नाही. "नेमनूक पक्की कवा व्हनार तुमची?"

"चैत्रात."

"खर्ड्याला बहिनी दोन ना?"

"दोन."

"लिवा मंग." ते उठले. "पर भाऊसाहेब, चौकशीला उद्या दुपारीच या. भोंगा झाल्या झाल्या. ही शेवटची, जरा नीट करू. मी खुर्च्या आनून ठिवतो."

मी खिशातून छापील कागद काढला आणि खालच्या जागेवर त्यांचा अंगठा घेतला. वरचे सगळे रकाने अजून कोरे होते.

बाकीचं मी रात्रभर नव्हे, अर्ध्या तासात लिहिलं. चिठ्ठी भोंगेवाल्याच्या हाती पडली, वाफेनं ओली झाली, त्यानं वाळत घातली, विसरला. मग उशिरा सापडलेल्या त्या कागदावर पुढं कोणी काय लिहिलं याला अर्थ उरत नाही, असं काहीतरी. ते वाचून कुणालाही हसू आलं असतं. साहेबांना आलं नाही. त्यांना नाव हवं होतं, ते जागेवर होतं. नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, सगळे रकाने मी भरले होते. मला ते पाठ होते. 'घरात कोण कोण?' यापुढे मी लिहिलं, 'कोणी नाही.'

साहेबांनी सकाळीच सही केली. नाना म्हणाले, "जबाब तयार आहे, अंगठा आहे, मग उन्हातून कशाला जायचं?" त्या दुपारी चौकशी झाली नाही. संध्याकाळी शिपायानं बडतर्फीचा कागद नेऊन दिला. तो गुलाबी नव्हता, पांढरा होता. दोन दिवसांनी खोली रिकामी झाली. मास्तर म्हणाले, शाळेच्या दोन्ही खुर्च्या तो पुसून परत ठेवून गेला.

चैत्रात मी कायम झालो. खर्ड्याला पेढे वाटले.

भोंगा नवा माणूस वाजवायला लागला. तो वेळेवर वाजवायचा आणि मधेच तोडल्यासारखा थांबवायचा. बाबूलालभाईंच्या खोलीला नव्या भाडेकऱ्यानं चुन्याचे तीन हात दिले, तरी पावसाळ्यात भिंत गुलाबी व्हायची. आणि कारखान्यानं एक गंमत केली. नाव मिळेनासं झालं, की आमच्या खात्यात कुणीतरी म्हणायचं, "बाबूलालचं लिहा ना, तो कुठं विचारायला येतोय?" रहाट पुन्हा मोडला, तो बाबूलालनं पूर्वी मोडला होता म्हणून. शाळेचं कौल उडालं, तेही 'माजी भोंगेवाल्याच्या काळातील हादऱ्यामुळे'. माणूस गेल्यावर दोन वर्षं तो चुकत होता. ते कागदही मीच लिहिले. अक्षर चांगलं होतं माझं.

दुसऱ्या वर्षी काही कामानं मी काष्टीच्या बाजाराला गेलो. बैलांच्या दावणीच्या कडेला एक माणूस पायानं चाक फिरवत विळ्यांना धार लावत बसला होता. टोपी तीच. मी परत फिरणार होतो, पण त्यांनी पाहिलं.

"भाऊसाहेब. या, बसा. अंगावर ठिनग्या येतील, हिकडून बसा." लगेच शेजारच्या हॉटेलवाल्याला हाक मारून त्यांनी चहा सांगितला. बहिणींची लग्नं झाली का विचारलं. एकीचं झालं म्हटल्यावर टोपी कपाळावर सरकवून हसले. गंगूबाई, सखाराम, मास्तर, नानांची तपकीर, सगळ्यांची चौकशी केली. मी ओरडून ओरडून उत्तरं देत होतो, बाजारातले लोक बघत होते. मला वाटत होतं, आता बोलावं. हपीसात जाऊन साहेबांना खरं सांगतो, असं म्हणावं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं.

तेवढ्यात तेच म्हणाले, "त्या दिशी चौकशीला कुनी आलं न्हाई."

मी बशीतला चहा फुंकत राहिलो.

"मी च्या टाकून बसलो हुतो. मंग मला वाटलं, येऊन गेलं आसंल कुनीतरी. वारं लई हुतं ना त्या दिशी. धूळ येती म्हनून मी दार लोटून घेतलं आसंल. आन् कान हे असलं. तुमी कडी वाजिवली आसंल, मला ऐकू आली न्हाई." त्यांनी पाय थांबवला होता, पण चाक अजून फिरत होतं. "माझ्यामुळंच झालं ते. नव्हं?"

ते माझ्याकडे बघत होते. तक्रार नव्हती त्या बघण्यात. त्यांना फक्त ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "हो. मी कडी वाजवली होती."

"तेच मी म्हनतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथे बसवेना. उठताना त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारा अडकित्ता काढून घेतला आणि त्याला धार लावून दिली. पुढे ते काष्टीला दिसले नाहीत. कुणी म्हणालं कड्याला गेले. मी कधी विचारायला गेलो नाही.

माझा जबाब एवढाच आहे, आणि तो कुणी घ्यायला आलेलं नाही, म्हणून आपणहून देतो. त्या दुपारी वारा अजिबात नव्हता. दार सताड उघडं होतं. भोंगा झाल्यावर मी सायकलवरून त्या गल्लीतून गेलो. सतरंजी घातलेली होती, दोन्ही खुर्च्या दाराकडे तोंड करून होत्या, ताटलीत तीन कप पालथे होते. बाबूलालभाई धुतलेला सदरा घालून पाठमोरे बसले होते आणि चूल फुंकत होते. सायकलची घंटा माझ्या अंगठ्याखाली होती. मी ती वाजवली नाही.